मोशीची पिकीपिकी

आफ्रिकेला जाऊन आलो म्हटले की मंडळातले लोक पहिला प्रश्न विचारतात, "सिंह दिसला का?" दिसला. न्गोरोंगोरोत दिसला, झोपलेला होता, आणि त्याच्याभोवती चौदा जीपा उभ्या होत्या. फोटो बघायचे असतील त्यांनी घरी यावे, चहा-चिवडा मिळेल. हा लेख मात्र सिंहावर नाही. तो मोटारसायकलवर आहे, आणि तीही स्वस्तातल्या चिनी मोटारसायकलवर. "असलं कोण वाचणार?" असे सौ.चे म्हणणे पडले. या लेखात तिला चिखलात पडावे लागणार आहे, हे तिच्या विरोधाचे खरे कारण.

डिसेंबर २०२२ च्या नाताळच्या सुटीत आम्ही चौघे कॉव्हेंट्रीहून टांझानियातल्या मोशी गावी गेलो. सौ.चे थोरले बंधू तिथे गेली बरीच वर्षे साखर कारखान्यात आहेत. सांगली-कोल्हापूरकडची साखरेतली माणसे आफ्रिकेत कुठेही भेटतात. ऊस तिथे माणूस, असा काहीसा नियम असावा. मोशी म्हणजे स्वाहिलीत धूर. गाव किलिमांजारोच्या दक्षिणेच्या पायथ्याशी आहे. पहाटे आणि दिवस कलताना ५,८९५ मीटर उंचीचा तो डोंगर आपली पांढरी टोपी दाखवतो आणि मधल्या वेळात ढगांची दुलई ओढून बसतो. आम्ही सकाळी दात घासता घासता गच्चीवर धावायचो.

भाषेची गंमत पहिल्याच दिवशी कळली. मेहुण्यांना सारे घर 'दादा' म्हणते, आणि स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. आमची मुले त्यांना 'मामा' म्हणतात, आणि 'मामा' म्हणजे आई. त्यामुळे सहा फुटी, मिशीवाल्या साहेबांना पाहुणी बाई "ताई" आणि तिची पोरे "आई" म्हणतात, हे ऐकून घरची कामवाली पदराआड, म्हणजे कांगाच्या टोकाआड, हसत सुटायची. 'काका' म्हणजे भाऊ. फक्त 'बाबा' तेवढा जागेवर आहे. बाकी ओळखीचे शब्द पुष्कळ: दुकान ते 'दुका', गाडी ती 'गारी', विमा तो 'बिमा', वही ती 'दफ्तारी' आणि हिशेब तो 'हेसाबू'. यातले शेवटचे दोन पुढे लागणार आहेत, लक्षात ठेवा.

मोटारसायकलला म्हणतात 'पिकीपिकी'. आवाजावरून पडलेले नाव, आपल्या फटफटीचीच बहीण. ती भाड्याने चालवली की तिची 'बोडाबोडा' होते. केनिया आणि युगांडाच्या सीमेवर दोन्ही नाक्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यातून लोकांना सायकलवर बसवून पलीकडे नेणारी पोरे "बॉर्डर, बॉर्डर" ओरडायची, त्याचे झाले बोडाबोडा. सायकली गेल्या, मोटारसायकली आल्या, नाव राहिले. मोशीत चौकाचौकात, बाजाराच्या तोंडाशी, दवाखान्याबाहेर पंधरा-वीस बोडा उभ्या असतात. माणूस, केळीचे घड, गॅसचा सिलिंडर, कोंबड्यांचा पिंजरा, पलंग. न नेण्याजोगे काही नाही. दोघांना मागे घेतले तर त्याला 'म्शिकाकी' म्हणतात, म्हणजे सळईला ओळीने टोचलेले मटणाचे तुकडे. आमच्या पुण्यातल्या ट्रिपल सीटला एवढे नेमके नाव कुणाला सुचले नाही.

आणि तीनचाकी रिक्षाला काय म्हणतात? 'बजाजी'. कुठल्याही कंपनीची असो, बजाजीच. आकुर्डीचे नाव एका परक्या भाषेत सामान्यनाम होऊन बसले आहे, हे ऐकल्यावर आमची छाती दोन इंच फुगली. आमच्या वडिलांनी चेतकसाठी नंबर लावला होता आणि ती घरी यायला इतकी वर्षे लागली की नंबर लावताना ब्रह्मचारी असलेले गृहस्थ स्कूटर घ्यायला दोन पोरे बरोबर घेऊन गेले. तेव्हा डॉलरमध्ये पैसे भरले तर चेतक लगेच मिळायची, पण आमच्या घराण्यात डॉलर तोवर कुणी पाहिला नव्हता. त्याच कंपनीची 'बॉक्सर' मोटारसायकल आज पूर्व आफ्रिकेत प्रतिष्ठेची गाडी आहे. बोडावाल्याकडे बॉक्सर असली की त्याचे बरे चालले आहे असे समजतात. तिच्या शेजारी उभ्या असतात चिनी गाड्या. त्यांची नावे टाकीवर इंग्रजीत, एकेक अक्षराचा रंग उडालेला.

आता थोडे इंजिनियरिंग. कंटाळा येईल त्यांनी सौ. पडते तिथपर्यंत उडी मारावी.

या स्वस्त चिनी गाड्यांपैकी बहुतेकींच्या पोटात एकच इंजिन असते, आणि ते मुळात चिनी नाही. होंडाने १९७६ साली सीजी १२५ नावाची गाडी काढली. गरीब देशांत लोक तेल वेळेवर बदलत नाहीत, एअर फिल्टर काढून फेकून देतात, एकाच्या जागी चौघे बसतात, हे सगळे गृहीत धरून ती रचलेली. वरच्या टोकाला कॅमशाफ्ट आणि त्याला फिरवणारी लांब साखळी हा नाजूक मामला तिच्यात नाही. कॅम खाली, आणि तिथून दोन दांडे वरच्या व्हॉल्व्हना ढकलतात. जुनाट, पण बैलासारखे. चीनमध्ये चोंगचिंग शहरात आणि भोवताली शेकडो लहानमोठे कारखाने या इंजिनाचे सुटे भाग एकाच मापाने करू लागले. पिस्टन एकाचा, क्लच दुसऱ्याचा, कार्बोरेटर तिसऱ्याचा. आणून जोडा, टाकीवर स्वतःचे नाव चिकटवा, झाली कंपनी. लिफान, झोंगशेन ही बडी नावे त्याच गावची. सगळेच भंगार करतात असेही नाही. तिथलीच लॉन्सिन कंपनी बीएमडब्ल्यूला इंजिने करून देते.

२००० च्या सुमारास व्हिएतनाममध्ये अशा गाड्यांचा पूर आला होता, जपानी गाडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच्या किमतीला. होंडाने काय करावे? नक्कल करणाऱ्यांपैकीच एका चिनी कंपनीशी २००१ साली भागीदारी केली, आणि २००२ मध्ये व्हिएतनाममध्ये 'वेव्ह अल्फा' ही स्वस्त गाडी काढली. लोकांनाही तोवर चिनी गाड्यांचा अनुभव आला होता. गिऱ्हाईक परत फिरले. आम्ही हा किस्सा मेहुण्यांना जेवताना मोठ्या तोऱ्यात सांगितला. तात्पर्य, स्वस्त ते खस्त. मेहुणे भात कालवत म्हणाले, "उद्या वर किबोशोकडे जाऊन या. मग बोलू."

त्यांच्या माळ्याचा मुलगा बोडा चालवतो. वय तेवीस-चोवीस, हसरा, इंग्रजी कामापुरते. गाडी त्याची स्वतःची नव्हती. गावातल्या एका मालकाची चिनी १२५, आणि हा रोज त्याला ८ हजार शिलिंग 'हेसाबू' द्यायचा. पाऊस असो, ताप असो, गिऱ्हाईक असो नसो, हेसाबू चुकत नाही. उरेल ते याचे. सौ. त्याच्या मागे बसली, आम्ही त्याच्या मित्राच्या मागे. हेल्मेट होते, पण ते रोज वीस डोकी बदलत असावे, असे वासावरून वाटले.

मोशीच्या वर चढायला लागले की दहा मिनिटांत जग बदलते. खालचा उन्हाळा मागे राहतो. केळीच्या दाट बागा, केळीच्या सावलीत कॉफी, कॉफीखाली घेवडा नि अळूसारखी पाने, आणि या सगळ्यातून खळाळत जाणारे पाट. डोंगरावरून उतरणारे पाणी चागा लोकांनी पिढ्यानपिढ्या असे बागेबागेतून फिरवले आहे. आम्हांला कोकणातले आजोळ आठवले. सौ. पुढच्या गाडीवरून मागे वळून ओरडली, "अगदी आपल्या गुहागरसारखं!" तिचे माहेर मिरजेचे, गुहागर आमचे, पण आनंदात सगळे चालते. गाडीचा आवाज मात्र ऐकवत नव्हता. साखळी खडखडत होती, सायलेन्सर गंजून गळत होता, पुढचे शॉकअ‍ॅब तेल ओकत होते, स्पीडोमीटरचा काटा केव्हाच शून्यावर निजला होता. इंजिन तेवढे चढावर दुसऱ्या गियरमध्ये दोन माणसे घेऊन तक्रार न करता चालले होते.

परतताना पाऊस पडून गेला होता. मुख्य रस्ता सोडून बागांमधून उतरणारी तांबड्या मातीची वाट होती. आमच्या डोळ्यांदेखत पुढच्या गाडीचा वेग उतारावर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पोराचा उजवा पाय ब्रेकवर दोनदा, तीनदा आपटलेला दिसला. पुढचा ब्रेक त्या चिखलात दाबला असता तर दोघे डोक्यावर गेले असते. त्याने गियर उतरवला, गाडी आडवी होऊ दिली आणि डाव्या बांधात घातली. गाडी केळीच्या बुंध्याला अडली. सौ. उडून पाटात.

एवढे सांगायला दोन सेकंद पुरतात, पण आम्ही गाडीवरून उतरून तिच्यापर्यंत पोचलो तो वेळ वेगळ्याच मापाने गेला. पाणी गुडघाभर. ती उठून बसली होती, चष्मा शोधत होती. मनगट मुरगळले होते, कोपर सोलले होते, बांगड्या फुटल्या होत्या. बाकी ठीक. पोरगा चिखलात गुडघे टेकून "पोले साना, मामा, पोले साना" म्हणत होता. फार वाईट वाटते, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या नडगीतून रक्त येत होते, त्याकडे त्याचे लक्ष नव्हते.

गाडी ढकलत शंभर पावलांवर नेली. तिथे अव्होकाडोच्या झाडाखाली फुंडी बसला होता. फुंडी म्हणजे कारागीर, मेकॅनिक, गवंडी, शिंपी, हाताने काही नीट करणारा कुणीही. त्याच्याजवळ चार पाने, एक हातोडी, टायरची ट्यूब आणि बिस्किटांच्या डब्यात भरलेले जुने भाग. त्याने मागचे चाक उतरवले आणि आम्ही वाकून पाहिले. ब्रेकच्या लायनरचे अस्तर धातूपासून सुटून आले होते. एका हातात अर्धगोल सांगाडा, दुसऱ्या हातात अस्तराचा तुकडा. चिकटवणाराच कच्चा, तो गरम झाल्यावर सुटला. लायनर कंपनीचे नव्हतेच. बाजारात मिळतात त्यातले सगळ्यांत हलके मालकाने आणून बसवले होते. गाडी मालकाची, लायनर मालकाच्या खर्चाचे, आणि मागे बसलेली बाई कुणाचीच नाही. आम्ही त्या तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिलो. कॉव्हेंट्रीत आम्ही ज्यावर पोट भरतो त्या कामातही अशाच चिकटवण्याच्या चाचण्या असतात, वेगवेगळ्या तापमानाला, वेगवेगळ्या ओलीला.

फुंडीने डब्यातून दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचे, पण बरे लायनर काढले. बसले. अगदी बरोबर बसले. पाऊण तासात गाडी चालू. आमचा पुण्याचा अभिमान तिथेच थोडा हलला. हे भाग डोंगराच्या या टोकावर, बिस्किटाच्या डब्यात, कुठल्याही गाडीचे कुठल्याही गाडीला बसत होते.

दोन दिवसांनी पोरगा संध्याकाळी बापाबरोबर आला. सौ.साठी केळीचा घड आणला होता. मग आम्हांला म्हणाला, "म्झे, एक विचारायचं होतं." म्झे म्हणजे वडीलधारी माणूस, खरे तर म्हातारा. आमची चाळिशी अजून संपलेली नाही, पण असो. त्याला स्वतःची गाडी घ्यायची होती. त्याच्याजवळ १० लाख शिलिंग साठलेले. दुकानात चिनी १२५ ची किंमत २२ लाख सांगितली होती, म्हणजे आपले पाऊण लाख रुपये. बॉक्सरची ३० लाख, लाखाच्या वर. उरलेले पैसे मेहुणे बिनव्याजी द्यायला तयार होते. तुम्ही इंजिनियर, शिवाय बॉक्सरच्या गावचे. सांगा, कुठली घेऊ?

आम्ही लगेच सांगितले, बॉक्सर. ८ लाख फरक आहे, पण धातू बरा, वायरिंग बरे, विकताना किंमत येईल. कागद घेऊन आकडे मांडून दाखवले.

त्याने ते ऐकून घेतले आणि मग स्वतःचा हिशेब सांगितला. मेहुण्यांना रोज ५ हजार द्यायचे. चिनी गाडी घेतली तर १२ लाखांचे कर्ज, कामाचे २४० दिवस. बॉक्सर घेतली तर २० लाख, ४०० दिवस. रविवार सोडले तर पहिले कर्ज ऑक्टोबरात फिटते, दुसरे पुढच्या वर्षीच्या एप्रिलात. मार्च ते मे हा मोठा पाऊस, त्याला 'मासिका' म्हणतात. त्या दिवसांत वरच्या वाटा बंद होतात, धंदा अर्ध्यावर येतो. "चिनी गाडीला एक मासिका, म्झे. बॉक्सरला दोन. एक मासिका मी काढीन. दुसऱ्या मासिकात कुणी आजारी पडलं तर गाडी विकावी लागेल."

आमच्या कागदावर पाऊस नव्हता.

रात्री आमचे दोघांचे वाजले. आमचे म्हणणे, फरकाचे ८ लाख आपण देऊ, दीड-दोन महिन्यांचे कौन्सिल टॅक्सचे पैसे फार तर, आणि घेऊ दे त्याला बॉक्सर. सौ. म्हणाली, "तुम्हांला त्याला मदत करायचीय की बजाजला?" वर म्हणाली, भीक दिली तर बापाला आवडणार नाही, आणि कर्ज दिलं तर त्याचे दिवस वाढणारच. पाटात पडलेल्या बाईचे बोलणे ऐकावे लागते.

शिवाय आम्हांला मेरिडन आठवत होते. आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर 'बॉनव्हिल क्लोज' नावाची शांत गल्ली आहे. दोन्हीकडे घरे, पुढे गुलाब. १९४० च्या बाँबवर्षावात कॉव्हेंट्रीतला कारखाना गेल्यावर ट्रायंफने तिथे नवा कारखाना उभारला, आणि १९४२ ते १९८३ तो चालला. आमच्या खात्यातले एक निवृत्त गृहस्थ तिथे उमेदवारी करून आलेले. ते सांगायचे, छोट्या जपानी गाड्यांना आम्ही हसायचो. मग जपानी लोक चिन्यांना हसले, आणि आता आम्ही आकुर्डीवाले हसत होतो. पुढे २०२३ साली ट्रायंफची ४०० सीसीची गाडी बाजारात आली, ती चाकणला, बजाजकडे तयार होते. बॉनव्हिल क्लोजमधल्या गुलाबांना हे कुणी सांगितले की नाही कोण जाणे.

शेवटी असे ठरले. गाडी चिनी. कर्ज मेहुण्यांचे. आमच्याकडून पहिल्याच दिवशी गाडीचे चार भाग बदलायचे: दोन्ही चाकांचे लायनर चांगल्या प्रतीचे, चेनसेट, मागचा टायर, आणि हलक्या लोखंडाचे नटबोल्ट जिथे जिथे चाक धरतात तिथले सगळे. शिवाय दोन नवी हेल्मेटे. फुंडीने दिवसभर बसून केले, आम्ही शेजारी स्टुलावर बसून लुडबुड केली. नव्या कोऱ्या गाडीच्या मागच्या चाकाच्या तारा त्याने एकेक करून नव्याने ताणल्या. कारखान्यातून त्या सैल येतात म्हणाला, आणि सैल होत्याच. आमची अट एकच, जे जे बदलशील ते वहीत लिहून ठेव.

जुलै २०२४ मध्ये पुन्हा गेलो. गाडी फाटकाशी उभी होती. ओळखू आली नाही. टाकीवरचे नाव पुसून गेलेले, सीटला नवे लाल रेक्झिन, किती किलोमीटर झाले हे सांगणारी वायर तुटून वर्ष झालेले. पोरगा दफ्तारी घेऊन आला. एकोणीस महिन्यांचा हेसाबू, निळ्या शाईत, तारखेसकट. मेहुण्यांचे कर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये फिटले होते, सांगितले होते त्याच महिन्यात.

आम्ही चहा गार होईपर्यंत ती वही वाचली. चेनसेट दोनदा. चाकांची बेअरिंगे चारदा. क्लच प्लेट एकदा, मागचा टायर एकदा, हँडलच्या गोळ्या एकदा. बोअर-पिस्टनचे कीट एकदा, मजुरीसकट ९५ हजार. बॅटरी मेल्यावर पुन्हा घेतलीच नाही, किक मारतो. स्विंगआर्मला चीर, वेल्डिंग. एकूण ५ लाख ४० हजार, पेट्रोल-तेल सोडून. गाडी बंद म्हणून बुडालेले दिवस २३. बॉक्सरलाही चेन, टायर, लायनर लागलेच असते. ते वजा केले आणि बुडालेले दिवस धरले तर वाचवलेल्या ८ लाखांपैकी सहा-साडेसहा लाख गाडीने हळूहळू परत खाल्ले होते. आता विकायला गेला तर तिला कुणी फारसे विचारणार नाही. आमचा बॉक्सर हरला असे म्हणवत नाही. पण एप्रिल २०२४ च्या पावसात आई तीन आठवडे दवाखान्यात होती, हे त्याने वही मिटताना सांगितले. तेव्हा हप्ता नव्हता.

पुढची कुठली घेणार, विचारले. "बॉक्सर," तो म्हणाला, "रोख."

तुम्ही-आम्ही इथे इंग्लंडात मुलाला अठराव्या वर्षी स्वस्त चिनी १२५ घेऊन द्यावी का, असे मंडळातल्या एका मित्राने विचारले आहे. इथे फुंडी नाही, गॅरेजवाल्याच्या एका तासात मोशीत दोन क्लच बसतात, आणि रस्त्यावरच्या मिठाने पावसाळ्यापेक्षा वाईट गंज चढतो. घ्यायचीच तर मुलाला आधी पाना धरायला शिकवा, आणि लायनर स्वतः बघा.

लायनरच्या नोंदी वहीत तीन होत्या. तिन्ही वेळा चांगलेच, महागातलेच. शेवटची झाल्यावर सौ.ने वही उलटी चाळत पहिल्या पानावर नेली. तिथे गाडी घेण्याच्याही आधीची, डिसेंबर २०२२ ची एक ओळ होती: 'मामा अलिआंगुका'. आई पडली. आमच्या धाकटीने ती खांद्यावरून वाचली, पानावरून नजर वर केली आणि दारात उभ्या असलेल्या मिशीवाल्या मेहुण्यांना काळजीने विचारले,

"मामा, तू कधी पडलास?"